दोराला नाव कुठं लिहिणार?

गॅस बंद केलाय का, हे वैष्णवी रोज तीनदा बघायची. एकदा डोळ्यांनी, एकदा हाताने आणि तिसऱ्यांदा चपला घातल्यावर पुन्हा आत येऊन. सासूबाई म्हणायच्या, "अगं, बटणावरच्या खुणा पुसल्या गेल्या तुझ्या बोटांनी." ती हसायची आणि तरीही बघायची. खिडकीचे गज, टाकीचं झाकण, जिन्याचं दार. लेक ओवी अंगणवाडीत गेली की ती परत येईपर्यंत वैष्णवीचा पाय घरात एका जागी ठरत नसे.

एवढी एम.कॉम. झालेली मुलगी आणि हे काय खूळ, असं बाहेरच्या माणसाला वाटलं असतं. सावतखिंडीत मात्र कारण सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या आषाढात मळ्यातल्या विहिरीवरची मोटार बंद करायला ती शेडमध्ये गेली. दोन मिनिटं. बाहेर आली तर काठावर ओवीची एकच चप्पल होती.

सावतखिंड हे सिन्नरच्या पुढे जीपने तासाभरावरचं गाव. नगरपंचायत होऊन चारच वर्षं झालेली. अग्निशमन केंद्र म्हणजे पत्र्याची शेड, एक म्हातारा बंब आणि पाच माणसं. त्या पाचांतला गोटीराम त्या दिवशी कमरेला दोर बांधून विहिरीत उतरला. पोर उंबराच्या मुळाला धरून लोंबकळत होती. त्याने तिला वरून टाकलेल्या ओढणीने दोराला बांधलं आणि वर पाठवलं. मग दोर पुन्हा खाली सोडला, गोटीरामला वर ओढायला घेतलं आणि काठ आठ-दहा हातांवर असताना तो तुटला. माणूस वाचला, पण कपारीवर आदळून खुब्याचं हाड आणि टाच कायमची गेली. आता तो केंद्रात फोनजवळच्या खुर्चीवर बसायचा, शेजारी कुबडी उभी करून.

वैष्णवीने त्यानंतर गावाला उसंत दिली नाही. रेस्क्यू व्हॅन हवी. रस्त्यावर गाडीत अडकलेल्या माणसाला पत्रा कापून बाहेर काढायचं यंत्र, उंच शिडी, दिवे, स्ट्रेचर, सगळं एका गाडीत हवं. सरकारकडे मागून मिळेपर्यंत किती वर्षं जातील, म्हणून लोकवर्गणी. पत्रं तिने लिहिली, दुकानं तिने पालथी घातली, समितीची सचिवही तीच झाली. सहा महिन्यांत गाडी दारात आली. रथसप्तमीला लोकार्पण ठरलं. पाच-सहा जणांना एकाच वेळी हा विनोद सुचला की रथसप्तमीला रथ येतोय, आणि पाच-सहाही जणांनी तो वैष्णवीला ऐकवला.

लोकार्पणाला नऊ दिवस होते, तेव्हा ती यादी घेऊन केंद्रावर गेली. ओवीचं मनगट तिच्या मुठीत.

"ताई, जरा लांबून. रंग ओला आहे," राजू पेंटर म्हणाला. तो गाडीभोवती पाटावर सरकत सरकत नावं लिहीत होता. डाव्या दारावर ‘सप्रेम भेट’, उजव्या दारावर ‘सप्रेम भेट’. शिडीच्या बाजूला एका सराफाचं घराणं, स्ट्रेचरच्या दांडीवर एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक, पत्रा कापायच्या यंत्रावर कांद्याचे दोन व्यापारी सख्ख्या भावांसारखे शेजारी शेजारी. प्रथमोपचाराच्या पेटीवर लिहिलं होतं, ‘कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ’.

"राजू, प्रथमोपचाराच्या पेटीवर स्मरणार्थ?"

"मीही तेच म्हटलं. म्हटलं, पेशंट दचकेल. तर त्यांचा मुलगा म्हणतो, पेशंट कशाला वाचत बसतोय." त्याने कुंचला पुसला. "शहाणे एकटे इब्राहिमभाई. पाच टायर दिले आणि म्हणाले, माझं नाव नको, चिखलात जाईल."

वैष्णवीने गाडीचा एकेक कप्पा उघडायला सुरुवात केली. वस्तू बघायची, हाताने हलवायची, मग यादीवर खूण करायची. बंबावरचा चालक सोमा कौतुकाने मागे मागे फिरत होता. शेवटी मागचा खालचा कप्पा राहिला. तिने झाकण उचललं.

आत दोराचं वेटोळं होतं. मळकं, जाडजूड. मधोमध एक मोठी गाठ, आणि गाठीवर निळी सुतळी गुंडाळलेली.

तिने हात मागे घेतला. त्या दोराचं तुटलेलं टोक तिने पाहिलं होतं. सोमाच्या हातात केरसुणीसारखं पिंजारलेलं.

"सोमादादा, हा कुठला दोर?"

"आपलाच की."

"तुटलेला?"

"जोडलाय ना वहिनी. डबल गाठ मारलीय. वरून सुतळी."

"अहो, पण टाकला का नाही हा?"

"टाकणार कसा? डेडस्टॉकच्या रजिस्टरात एक नग दोर आहे. साहेबांची सही झाल्याशिवाय सरकारी वस्तू टाकता येत नाही." मग तो जरा चाचरला. "आणि यादीत तुम्हीच तर लिहिलंय."

तिने यादी पाहिली. सतरावी ओळ. ‘दोर – आहे.’ अक्षर तिचंच, गोल आणि सुबक.

ती बैठक तिला लख्ख आठवली. ती एकेक वस्तू वाचत होती आणि कुणी ना कुणी हात वर करत होतं. शिडी माझी, दिवे आमचे. ‘दोर आणि विहिरीत उतरायचं सामान’ असं वाचलं आणि एकही हात वर झाला नाही. सिमेंटवाले शेठ हसून म्हणाले होते, "दोराला नाव कुठं लिहिणार?" सगळी सभा हसली. तीही हसली होती. तेवढ्यात अंगणवाडीतून फोन आला, ओवीला ताप आहे. उठता उठता तिने विचारलं, दोर आहे ना आपल्याकडे? सोमा म्हणाला, आहे. आणि गॅसचं बटण तीनदा बघणाऱ्या बाईने ते लिहून टाकलं.

ती तशीच आत गोटीरामकडे गेली.

"गोटीरामभाऊ, तुम्ही पाहिलात तो दोर?"

"पायला की. गाडी आली त्याच दिवशी." गोटीराम हरसूलकडचा. बोलताना समोरच्याकडे न बघता फोनकडे बघायचा. "लगेच वळखला. माझा जुना दोस्त हाय तो."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू ताई? लोकांनी एवढं हौसेनं दिलं. त्यात मी खोड काढायची? म्हनतील, स्वतःचं गाऱ्हानं लावलंय." ओवी त्याच्या कुबडीवर हात फिरवत होती. त्याने ती तिच्याकडे जरा झुकवली. "गाडी झ्याक हाय. रस्त्यावर कुनी अडकलं, तर आता वाचंल. फक्त विहिरीत पडलं कुनी, तर मानूस उतरनार तसाच, जसा मी उतरलो."

"काय काय लागतं? खरं सांगा."

"दोन दोर लागतात. एक वढायचा, एक राखनीचा. पैल्यानं दगा दिला, तर दुसऱ्यानं धरायचं. अंगाला पट्टे, दोर फिरायला चरख्या, डोक्याला टोपी. आमच्याकडं उन्हाळ्यात बाया विहिरीत उतरतात पान्याला, त्या बी म्हनतात, एका दोरावर जीव टाकू नाय."

घरी जाताना वैष्णवीने ओवीचं मनगट इतकं घट्ट धरलं की पोर म्हणाली, "आई, हात दुखतो." गावाच्या शिवारात विहिरी किती? कठड्याच्या किती, बिनकठड्याच्या किती? ती मोजायला लागली आणि थांबेना.

पुन्हा वर्गणी मागायला तोंड नव्हतं. समितीने सांगितलं, लोकार्पण होऊ दे, पुढच्या वर्षी बघू. पुढचं वर्ष! तिला रात्रीपर्यंतचाही भरवसा वाटत नव्हता. मग दुपारी तिला आठवलं, उज्वलाकाकूंकडे हळदीकुंकवाची बैठक आहे.

उज्वलाकाकू म्हणजे त्याच सिमेंटवाल्या शेठच्या पत्नी. गाडीच्या दोन्ही दारांवर त्यांच्या यजमानांचं नाव होतं आणि महिला मंडळाची दोन्ही दारं त्यांच्या हातात. यंदा गावातल्या सगळ्या मंडळांचं हळदीकुंकू एकत्र, लोकार्पणाच्याच दिवशी ठरलं होतं. वैष्णवी पोचली तेव्हा नमुन्याची वाटी या हातातून त्या हातात फिरत होती. स्टीलची, जड, बुडाला गोलाकार नाव कोरलेलं.

"बघ गं, कशी आहे?" काकू म्हणाल्या. "अडीचशे सांगितल्यात. दुकानदार नाव मशीनने टाकून देतोय. पुसलं जात नाही."

"काकू, यंदा वाण देऊ नका."

बायकांच्या हातातली वाटी जागच्या जागी थांबली.

"म्हणजे?"

"वाणाचे पैसे मला द्या. गाडीला दोर घ्यायचाय."

"गाडीला सगळं घेतलंय ना? यादी तर तूच केली होतीस."

"चुकली माझी. दोर तुटलेलाच ठेवलाय त्यात. गोटीरामभाऊ ज्यावरून पडले, तोच. गाठ मारून."

 मग मागच्या बाकावरून धोंडाबाई बोलली. बाजारात भाजी विकणारी, साठी उलटलेली. तिच्या जिभेला गाव वचकून असे. "मंग समितीतल्या मानसांना सांग की. मोठमोठी नावं लिवलीत गाडीवर. आमच्या वाटीवर का डोळा?"

"कारण दोराला नाव लिहिता येत नाही, मावशी. म्हणून कुणी देत नाही." तिचा आवाज चढला. "सगळी गाडी नावांनी भरलीय, दोराच्या कप्प्यावर तेवढं काही नाही. सभेत सगळे हसलो त्यावर. मी पण हसले. माझी पोरगी ज्या दोराने वर आली, त्या दोरावर मी हसले."

उज्वलाकाकूंनी वाटी उलटी करून स्वतःचं नाव पाहिलं. "बायका वर्षभर वाट बघतात गं वाणाची. रिकाम्या हाताने पाठवायचं?"

"आन् नवा दोर तरी तुटनार नाय कशावरून?" धोंडाबाई म्हणाली. "तू आनशील चित्रं बघून शहरातून. आम्ही म्हनायचं, लय भारी. त्याला लटकनार कोन? पुन्हा तो गोटीरामच?"

"मी लटकेन."

हे कोण बोललं, हे बघायला वैष्णवीने जवळजवळ मागे वळून पाहिलं असतं.

"कुठं?" काकूंनी विचारलं.

"आमच्याच विहिरीत. रथसप्तमीला, तुमच्या सगळ्यांसमोर. आधी मी उतरेन, मग गाडी फुलं घालून मिरवा."

"अगं, तू गच्चीत कपडे वाळत घालताना कठड्यापासून चार हात लांब उभी राहतेस!"

"माहितीये मला."

काकूंनी वाटी टेबलावर ठेवली. ती थोडा वेळ घुमत राहिली. "बरं. थांबवते ऑर्डर. पण एक सांगते, तू उतरली नाहीस तर पुढच्या वर्षी अडीचशे वाट्या तू वाटायच्या. आणि नाव माझंच टाकायचं."

धोंडाबाई खो खो हसली. तीच पहिल्यांदा कमरेची पिशवी सोडायला लागली.

नवरा, दीपक, कंपनीतून आला, त्याने सगळं ऐकलं. "तू?" एवढंच म्हणाला. नंतर जेवताना पुन्हा म्हणाला, "तू?"

नाशिकला गिर्यारोहणाचं सामान मिळतं त्या दुकानात तिने दुकानदाराला तासभर छळलं. किती वजन पेलतो? ओला झाला तर? दगडावर घासला तर? उंदराने कुरतडला तर कळतं का? त्याने पांढरा दोर तिच्या हातात दिला. बोटाएवढाच जाड. त्या जुन्या दोराच्या निम्मासुद्धा नाही.  "हाच पेलतो," तो म्हणाला. "उन्हात ठेवू नका, त्यावर पाय देऊ नका आणि शाईने काही लिहू नका. दोर आतून सडतो."

"नावसुद्धा नाही?"

"कुणाचंच नाही."

पुढे रोज रात्री तिला झोप लागेना. स्वयंपाक करताना हातातून पळी निसटे. पोळी करपली की तिला वाटे, हात भाजला असता तर बरं, उतरावं लागलं नसतं. भात गिजका झाला की वाटे, आता तरी कुणी म्हणेल, अगं राहू दे. कुणी म्हणालं नाही. उलट येता-जाता बायका विचारत होत्या, "काय गं, किती वाजता?"

रथसप्तमीच्या सकाळी मळ्याच्या वाटेवर काळ्या साड्यांची रांग लागली. गाडी विहिरीपासून वीस पावलांवर उभी केली होती. मागच्या वर्षीनंतर बांधलेला कठडा अजून कोराच होता. त्यावर सोमाने लोखंडी रूळ बसवला, म्हणजे दोर दगडावर घासायला नको. दोन्ही दोर गाडीच्या हुकांतून आले. ओढायच्या दोराला सोमा आणि आणखी तिघं. राखणीच्या दोराला गोटीराम. तो जमिनीवर बसला होता, चांगला पाय एका दगडाला टेकवून, कुबडी बाजूला टाकून.

"भाऊ, तुम्ही?"

"मंग कोन? पडायचं कसं, ते मलाच म्हाईत हाय."

तिने पंजाबी ड्रेसवर पट्टे चढवले. प्रत्येक बकल तीनदा ओढून पाहिलं. चौथ्यांदा ओढायला गेली तेव्हा गोटीराम म्हणाला, "वढा. वढा. बरं असतं ते." हे तिला आजवर कुणीच म्हणालं नव्हतं.

ओवी उज्वलाकाकूंच्या कडेवर होती. "काकू, तिला खाली ठेवू नका. काही झालं तरी."

"नाही ठेवत बाई. चिकटवून घेतलीय."

ती कठड्यावर बसली आणि पाय आत सोडले. मग पाठीमागे झुकायचं होतं. दोरावर भार टाकायचा, हात सोडायचे. तिला ते जमेना. बोटं कठड्याला रुतली.   सोमा म्हणाला, "वहिनी, राहू दे हवं तर. आम्ही पोतं भरून सोडतो."

पोतं. तीच पळवाट ती गेले आठ दिवस शोधत होती. तिने गोटीरामकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघतच नव्हता. त्याची नजर हातातल्या दोरावर होती, जशी तिची गॅसच्या बटणावर असायची. तो दोराचा पीळ, ताण, गाडीचा हुक बघत होता, आणि पुन्हा पहिल्यापासून बघत होता.

तिने हात सोडले.

दोर किंचित ताणला गेला. मग पट्ट्यांनी तिला मांडीखालून घट्ट धरलं. ती टांगलेली होती. काठ वर गेला, उजेड गोल झाला. भिंतीतले दगड, शेवाळ, कबुतराचं घरटं. आणि ते उंबराचं मूळ, मनगटाएवढं. त्याची साल एका जागी सोललेली होती. तिने हात लांब करून त्याला धरलं. एवढंसं. हे धरून ती पोर किती वेळ होती? तिने कधी विचारलं नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं.

तेवढ्यात खट्‌ झालं आणि ती हातभर खाली घसरून थांबली. तिच्या तोंडून किंकाळी फुटली.

"घाबरू नका!" वरून गोटीरामचा आवाज आला. "पैला दोर मीच सोडायला सांगितला. आता तुम्ही राखनीच्या दोरावर हाय. बघू तरी, धरतो का!"

"सांगायचं तरी!" ती ओरडली.

"सांगून कुठं तुटतो दोर?"

वर बायका एकदम बोलायला लागल्या. कुणी गोटीरामला शिव्या घालत होतं, कुणी हसत होतं. काकूंचा आवाज सगळ्यांवर, "वर घ्या तिला, मेल्यांनो!" आणि त्यातून बारीक आवाजात, "आई, खाली काय आहे?"

वैष्णवीने खाली पाहिलं. गेल्या आषाढानंतर पहिल्यांदा.

"पाणी आहे, ओवी," तिने सांगितलं. "नुसतं पाणी."

वर आली तेव्हा सोमाने तिला कठड्यावरून उचलूनच घेतलं. काकू ओवीला सोडायला तयार नव्हत्या. एका हाताने पोर धरून दुसऱ्या हाताने त्यांनी वैष्णवीला हळदीकुंकू लावलं, तिळगूळ तोंडात कोंबला आणि हळदीने भरलेलं बोट घेऊन त्या दोराकडे वळल्या.

"काकू, दोराला नको!" वैष्णवी आणि गोटीराम एकदमच ओरडले.

"अरे देवा! नाव नाही, गाव नाही, आता कुंकूसुद्धा नाही? कसला बाई सोवळ्याचा दोर!" काकूंनी बोट कप्प्याच्या पत्र्यावर पुसलं. मागोमाग बाकीच्या आल्या. त्या मोकळ्या पत्र्यावर राजूला लिहायला काही मिळालं नव्हतं. पाहता पाहता तिथे अडीचशे बोटं उठली. सफाईने उमटलेलं एकही नव्हतं.

गाडीला फुलं घालून मिरवणूक निघाली. वैष्णवी गोटीरामशेजारी खाली बसली. तो दोर हातभर हातभर चिमटीतून काढत वेटोळं घालत होता.

"किती वर्षं टिकेल हा?"

"नीट ठेवला तर आठ-दहा. पन दर महिन्याला असा बोटांनी बघायला लागतो. कुठं मऊ लागतो का, कुठं फुगलाय का. आमची पोरं वरवर बघतात आन् लिवतात, ठीक." त्याने दोराचं टोक तिच्यापुढे धरलं. "याला शंकेखोर मानूस लागतं, ताई. एकदा बघून समाधान न होनारं."

तिने टोक घेतलं. ओवी तिच्या पाठीवर रेलली आणि उरलेला तिळगूळ मागू लागली. "थांब," वैष्णवी म्हणाली. वाजंत्री लांब गेली होती. तिने पहिला हातभर दोर चिमटीतून काढला, दुसरा काढला, तिसऱ्यापाशी थोडी अडखळली आणि परत मागे गेली.